घरोघरच्या धुराड्यांवर नियम कसा लावायचा: लॉन्सेस्टनचं प्रकरण

टास्मानिया या ऑस्ट्रेलियाच्या बेटराज्याच्या उत्तर भागात लॉन्सेस्टन हे सुमारे ६७ हजार वस्तीचं शहर आहे. नॉर्थ एस्क आणि साउथ एस्क या नद्या तिथे एकत्र येतात आणि टेमर हे नाव घेऊन पुढे सुमारे ७० किलोमीटरवर बास सामुद्रधुनीला मिळतात. शहर या खोऱ्यात खोलगट जागी वसलेलं, भोवती टेकड्या. जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा. आभाळ मोकळं आणि वारा पडलेला, अशा रात्री टेकड्यांवरची गार, जड हवा उतरून खोऱ्यात साचते आणि तिच्या डोक्यावर त्यामानाने उबदार हवेचा थर बसतो. भूगोलात शिकवतात ती तापमानाची विपरीतता हीच. खालची हवा वर उठत नाही, त्यामुळे तिच्यात मिसळलेलंही काही वर जात नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या हवेत मिसळत होता लाकडाचा धूर. शहरातल्या ६६ टक्के घरांत लाकडावरची शेगडी होती. ही स्वयंपाकाची चूल नव्हे. बैठकीच्या खोलीत बसवलेली, काचेच्या दाराची, जाड पत्र्याची किंवा बिडाची बंद शेगडी. तिचं काम घर उबदार ठेवणं. धूर धुराड्यातून छपराबाहेर जातो, त्यामुळे आपल्या घरात धूर नाही याचं समाधान शेगडी पेटवणाऱ्याला असतं. पण थंड रात्री तो छपराच्या थोडा वर जाऊन पसरतो, गल्लीत उतरतो आणि दारं-खिडक्यांच्या फटींतून शेजाऱ्यांच्या, आणि पुन्हा त्याच घरात शिरतो.

लाकडाच्या धुरावर उपाय केल्याचं सांगणारी शहरं पुष्कळ आहेत. पण उपायाआधीची आणि नंतरची हवा मोजलेली, शहरातल्या मृत्यूंचा हिशेब मांडलेला आणि तुलनेला त्याच बेटावरचं दुसरं शहर ठेवलेलं, असं प्रकरण क्वचित सापडतं. म्हणून लॉन्सेस्टन.

परवाना कुणाला देणार?

कारखान्याचा धूर नियमात बसवणं त्यामानाने सोपं. चिमणी एक, मालक एक, परवाना एक. मोजणीचं यंत्र बसवायचं, मर्यादा ओलांडली की नोटीस धाडायची. घरगुती शेगडीला यातलं काहीच लागू पडत नाही. घरटी अडीच माणसं धरली तर लॉन्सेस्टनमध्ये सुमारे २७ हजार घरं होतात, आणि ६६ टक्क्यांच्या हिशेबाने १७ ते १८ हजार शेगड्या. त्यातल्या प्रत्येकीतून किती धूर निघणार, हे शेगडी कोणत्या बनावटीची आहे यावर थोडंफार अवलंबून असतं; झोपायला जाताना घरातला माणूस तिचं काय करतो यावर त्याहून जास्त.

तो काय करतो? दोन-तीन जाडजूड ओंडके आत सारतो, दार लावतो आणि हवा आत सोडणारी झडप जवळजवळ बंद करतो. हेतू सरळ आहे: लाकूड सावकाश जळावं, पहाटेपर्यंत ऊब राहावी, सकाळी उठल्यावर निखारे शिल्लक असावेत. पण लाकूड तापलं की त्यातून ज्वालाग्राही वायू आणि डांबरासारखी वाफ सुटते. भरपूर हवा असली तर ती तिथल्या तिथे पेटते. आपल्याला ज्योत दिसते ती तिचीच. हवा तोडली की ज्योत विझते, लाकूड मात्र तापलेलंच राहतं. वाफ सुटत राहते आणि न जळता धुराड्यात जाते. तिथे थंड होऊन तिचे कण आणि थेंब बनतात, बहुतेक एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) लहान, फुफ्फुसाच्या पार तळापर्यंत जाणारे. त्यांच्यासोबत बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं असतात. लाकूड ओलं असलं तर बघायलाच नको. बरीच उष्णता पाणी उकळण्यातच जाते आणि शेगडी नीट तापतच नाही. सरपण फोडून सहा महिने ते वर्षभर वाळवावं, ओलावा २० टक्क्यांच्या खाली आणावा, नवे ओंडके टाकल्यावर पंधरा-वीस मिनिटं झडप पूर्ण उघडी ठेवावी आणि रात्रभर शेगडी धुमसत ठेवू नये, असं सगळीकडे बजावतात ते एवढ्याचसाठी.

एक ढोबळ हिशेब करू. एका घरात रात्रीतून १५ किलो लाकूड जळलं आणि किलोमागे १० ग्रॅम कण बाहेर पडले, असं धरलं तर घराचे दीडशे ग्रॅम झाले. १७ हजार घरांचे अडीच टन. एका रात्रीत, झाकण घातलेल्या एका खोऱ्यात. यातले १५ किलो माझ्या पदरचे आहेत, १० ग्रॅम नाहीत. तो आकडा कुठून आला हे सांगायचं तर आधी प्रयोगशाळेत जावं लागेल.

चाचणीत पास, घरात नापास

शेगडीच्या धुरासाठी ऑस्ट्रेलियात मानक आहे, एएस ४०१३. १९९२ मध्ये त्याने किलोभर लाकडामागे ५.५ ग्रॅम कणांची मर्यादा घातली. १९९९ मध्ये ती ४ ग्रॅमवर आणली. चाचणी प्रयोगशाळेत होते. ठरलेल्या ओलाव्याचं, ठरलेल्या मापाचं लाकूड, झडपेच्या ठरलेल्या स्थिती, शेगडी हाताळणारा जाणकार माणूस. या परीक्षेत शेगड्या पास होत होत्या.

मग सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेने याच लॉन्सेस्टनमधल्या घरांच्या धुराड्यांना उपकरणं जोडली आणि रोजच्या वापरातला धूर मोजला. २००८ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत सरासरी निघाली किलोमागे ९ ते १० ग्रॅम. मर्यादेच्या दुपटीहून जास्त.

यात कुणी लबाडी केली असं नाही. मोटार चालवणारा कितीही धसमुसळा असला तरी इंजिनात हवा आणि इंधनाचं प्रमाण किती, ते यंत्र ठरवतं. शेगडीत दोन्ही माणसाच्या हातात असतं. मानकाने परीक्षा घेतली ती लोखंडाची. माणसाची घेणं त्याच्या आवाक्यातच नव्हतं. मला वाटतं, या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा धडा हा आहे आणि धोरण आखणारे नेमका तोच विसरतात. ‘स्वच्छ शेगडी’ असं लेबल लावलं की काम झाल्यासारखं वाटतं, उत्पादकही खूश आणि मतदारही. कुणाची शेगडी काढून घ्यावी लागत नाही.

२००१ नंतर

१९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाने हवेचं राष्ट्रीय मानक ठरवलं. पीएम१० म्हणजे १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, त्यांची २४ तासांची सरासरी घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. गेलीच तर वर्षातून पाचपेक्षा जास्त दिवस नको. हे दहा वर्षांत गाठायचं. लॉन्सेस्टनची १९९४ ते २००० या काळातली हिवाळ्याची सरासरीच ४४ होती. संपूर्ण हिवाळ्याची सरासरी ४४ म्हटल्यावर वाईट रात्री काय होत असेल ते दिसतंच. पाच दिवसांची मुभा संपायला वेळ लागणार नव्हता.

२००१ मध्ये संघराज्य सरकारने सुमारे २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दिले आणि तीन गोष्टी एकदम सुरू झाल्या. धुराबद्दल लोकांशी बोलणं, १९९४ च्या पर्यावरण कायद्याखाली धुराचा उपद्रव करणाऱ्यांवर कारवाई, आणि लाकडाची शेगडी काढून दुसरी सोय करणाऱ्याला पैशाची मदत. तिसऱ्या कलमाखाली दोन हजारांहून अधिक शेगड्या निघाल्या.

पैसे देणं सोपं असतं. घेणाऱ्याला जायला जागा हवी. ती टास्मानियात होती. बेटावरची वीज मुख्यतः धरणांवरची. हीट पंप नावाचं यंत्र बाजारात आलेलं होतं. ते उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतं, त्यामुळे विजेच्या एका युनिटमागे तिप्पट उष्णता मिळू शकते. बटण दाबलं की खोली गरम. सरपण फोडायचं, रचायचं, पावसापासून झाकायचं, राख काढायची, धुराडं साफ करायचं, हे सगळं सुटलं. २००२ मध्ये व्हिक्टोरियातून समुद्राखालून नैसर्गिक वायूची नळीही टास्मानियात पोहोचली. लोक शेगडी सोडायला तयार झाले त्यात पर्यावरणप्रेम किती आणि कंटाळा किती, हे वेगळं काढता येणार नाही. धोरणाला त्याने फरकही पडत नाही.

२००४ पर्यंत लाकडाची शेगडी असलेल्या घरांचं प्रमाण ६६ वरून ३० टक्क्यांवर आलं. हिवाळ्यातली पीएम१० ची सरासरी २००१ ते २००७ या काळात २७ झाली. ४४ वरून २७, म्हणजे जवळजवळ ३९ टक्के घट.

मृत्यूंचा हिशेब

२०१३ मध्ये फे जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात १९९४ ते २००७ मधल्या रोजच्या मृत्यूंचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. २००१ च्या आधीचा काळ एकीकडे, नंतरचा दुसरीकडे. तुलनेला टास्मानियाची राजधानी होबार्ट, १ लाख ४८ हजार वस्तीची. बेट तेच, हवामान मिळतंजुळतं, राज्याचे कायदे तेच, पण लॉन्सेस्टनसारखी मोहीम तिथे झाली नव्हती.

बातम्यांत जे आलं ते असं: लॉन्सेस्टनच्या पुरुषांमधले एकूण मृत्यू वर्षाकाठी ११.४ टक्क्यांनी घटले, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे १७.९ टक्क्यांनी, श्वसनविकारांमुळे होणारे २२.८ टक्क्यांनी. होबार्टमध्ये तसा लक्षणीय बदल नाही.

हे आकडे खरे आहेत, पण एवढंच उचलून नेणं बरोबर नाही. स्त्री-पुरुष मिळून वर्षभराच्या मृत्यूंत झालेली घट लहान होती आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठोस म्हणता येईल अशी नव्हती. पुरुषांच्या ११.४ टक्क्यांभोवतीची अनिश्चितताही मोठी: खरी घट २.९ टक्के असू शकते, १९.२ टक्केही असू शकते. श्वसनविकारांचा आकडा तर कसोटीच्या अगदी उंबरठ्यावर आहे. फक्त हिवाळा घेतला तर सगळ्यांचे मिळून हृदयविकारांचे मृत्यू १९.६ आणि श्वसनविकारांचे २७.९ टक्क्यांनी कमी झाले, पण तेही काठावरच. ६७ हजार वस्तीच्या गावात रोज मरणारी माणसं मोजकी. एवढ्या थोड्या आकड्यांतून सूक्ष्म फरक शोधणं मुळातच अवघड असतं.

पुरुषांमध्ये फरक दिसला आणि स्त्रियांमध्ये का नाही? पुरुषांत हृदयविकाराचं मूळ प्रमाण जास्त असतं, धूम्रपान आणि कामाच्या ठिकाणची धूळ यांचा वाटा असतो, अशी कारणं सुचवता येतात. ती पटण्यासारखी आहेत आणि निकाल लागल्यानंतर सुचलेली आहेत. दोन्ही लक्षात ठेवलेलं बरं. मला स्वतःला हिवाळ्याचे आकडे जास्त बोलके वाटतात, कसोटीवर काठावर असूनही. धूर हिवाळ्यातच असतो, आणि सगळ्यात मोठी घट हिवाळ्यातल्या श्वसनविकारांतच दिसते. धुरामुळे जे व्हायला हवं त्याच जागी ते झालंय.

मग श्रेय कुणाचं?

इथे लॉन्सेस्टनची गोष्ट साधारणपणे जशी सांगितली जाते तिच्याशी माझं जमत नाही. ‘सरकारने वीस लाख दिले, शेगड्या बदलल्या, माणसं वाचली’, असं एका दमात सांगितलं जातं. हिशेब करून पाहा. २७ हजार घरांपैकी ६६ टक्के म्हणजे १७ हजार ८०० च्या आसपास, ३० टक्के म्हणजे ८ हजार १००. मधल्या काळात सुमारे ९ हजार ७०० घरांतून लाकूड गेलं. सरकारी मदतीने गेलेल्या शेगड्या दोन हजारांहून थोड्या जास्त. म्हणजे पाचातली एक, फार तर चारातली एक. बाकीच्यांनी स्वतःच्या खिशातून बदल केला, त्यातल्या कित्येकांनी २००१ उजाडण्याच्या आधीच.

याचे दोन अर्थ निघतात आणि ते एकमेकांविरुद्ध ओढतात. एक असा की मोहीम नसती तरी वीज आणि हीट पंप यांनी हे हळूहळू घडवलंच असतं. सरकारने उताराला लागलेल्या गाडीला धक्का दिला. दुसरा असा की मोहिमेचा खरा परिणाम पैसे घेणाऱ्यांपुरता नव्हताच. धूर हा थंडीचा भाग आहे असं धरून चालणाऱ्या गावात तो तक्रार करण्याजोगा उपद्रव ठरला, आणि अनुदानाचा अर्जही न केलेल्या घरांनी त्याची दखल घेतली. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण पहिला खोडून काढण्याइतका पुरावा या प्रकरणात नाही. होबार्टशी केलेली तुलना हवेच्या बदलाचा परिणाम दाखवते. तो बदल कशाने झाला, हा वेगळा प्रश्न आहे.

एक गोष्ट मात्र दोन्ही अर्थांत सारखीच राहते. हवा सुधारली ती शेगड्या कमी झाल्याने. उरलेल्या शेगड्या चांगल्या झाल्या म्हणून सुधारली म्हणावं, तर सीएसआयआरओची मोजणी आडवी येते.

अमेरिकेत माँटानातल्या लिबी या छोट्या गावाने नेमकी उलटी वाट धरली. तिथल्या हिवाळ्यातल्या सूक्ष्म कणांपैकी सुमारे ८० टक्के लाकडाच्या शेगड्यांतून येत होते. २००५ ते २००७ मध्ये जुन्या शेगड्या काढून त्या जागी प्रमाणित नव्या बसवल्या, अकराशेच्या वर. लाकूड तेच राहिलं. हिवाळ्यातले पीएम२.५, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले आणि मुलांमध्ये छातीत घरघर होण्याच्या तक्रारीही घटल्या. म्हणजे ही वाट अगदीच निकामी नाही. पण लिबीत जवळजवळ गावातल्या सगळ्या जुन्या शेगड्या एका झटक्यात बदलल्या, बहुतांश दुसऱ्यांच्या पैशाने. एवढा खर्च मोठ्या शहराला परवडणारा नाही.

दहा मीटर, तीस सेकंद

२००७ मध्ये टास्मानियाने धुरासाठी स्वतंत्र नियम केले, आणि त्यातला एक नियम मला फार आवडतो. धुराड्यातून सलग १० मिनिटं धूर दिसत राहिला, आणि त्या १० मिनिटांत निदान ३० सेकंद सलग तो धुराड्यापासून १० मीटर अंतरापर्यंत दिसला, तर तो गुन्हा. बस्स. प्रयोगशाळा नको, यंत्र नको, शेगडीचं प्रमाणपत्र नको. फुटपाथवर उभा असलेला नगर परिषदेचा माणूस घड्याळ बघून ठरवू शकतो, आणि घरमालकही अंगणात येऊन स्वतःची परीक्षा घेऊ शकतो. नीट पेटलेल्या, कोरड्या लाकडाच्या शेगडीतून सुरुवातीची काही मिनिटं सोडली तर धूर दिसतच नाही. त्यामुळे या नियमात शिक्षा होते ती शेगडी असण्याची नव्हे, ती वाईट चालवण्याची. मानक जे मोजू शकत नव्हतं, ते इथे नुसत्या डोळ्यांनी पकडलं.

उणीव उघड आहे. अंधारात धूर दिसत नाही, आणि झडप बंद होते अंधारातच. तपासनीस दिवसपाळीचा, धूर रात्रपाळीचा. शिवाय खोऱ्यात साचणारा धूर एकट्यादुकट्याचा नसतो. हजार शेगड्या नियमात बसणारा थोडाथोडा धूर सोडत असतील तर कुणावरच खटला होत नाही आणि हवा वाईटच राहते. म्हणून हा नियम त्रासदायक शेजाऱ्यावर चालतो, खोऱ्यावर नाही. राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणाने २००९ पासून ब्लँकेट या नावाने छोट्या छोट्या मोजणीकेंद्रांचं जाळं विणायला सुरुवात केली, तेव्हा कुठे धूर कोणत्या वस्तीत, किती वाजता चढतो हे तासातासाने दिसू लागलं.

एएस ४०१३ ही पुढे कडक झालं. २०१४ च्या सुधारित मानकाने मर्यादा आधी २.५ आणि नंतर १.५ ग्रॅमवर आणली. हे सगळं नव्या शेगडीला. बिडाची किंवा जाड पत्र्याची शेगडी वीस-तीस वर्षं सहज टिकते, आणि ज्यांना ती सोडायची होती त्यांनी सोडून झाली. उरले ते ज्यांना लाकूड फुकट किंवा स्वस्तात मिळतं, ज्यांचं घर भाड्याचं आहे, किंवा ज्यांना जाळापाशी बसणं मनापासून आवडतं. पहिल्या खेपेला जी मदत चालली ती यांना हलवेल असं वाटत नाही. भाडेकरूला तर अनुदान देऊनही उपयोग नाही, शेगडी घरमालकाची.

अशा उरलेल्या शेगड्यांसाठी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याची युक्ती बघण्यासारखी आहे. २०१० पासून तिथे घर विकताना अप्रमाणित शेगडी काढून टाकावीच लागते. सरकारचा पैसा लागत नाही, रोज कुणाच्या दारात जावं लागत नाही, आणि मालकाच्या हातात लाखोंची रक्कम येत असते त्याच वेळी त्याला हा छोटा खर्च पडतो. वेग मात्र घर विकलं जाण्याचा. त्यात प्रमाणित शेगडीला हात लावलेला नाही, आणि लॉन्सेस्टनच्या धुराड्यांवरच्या मोजणीनंतर ती सवलत कशाच्या आधारावर द्यायची, हे टास्मानियाला आधी ठरवावं लागेल.